कितव्या पायरीवरून?

आमच्या जुन्नरात अनसूबाईंच्या गिरणीत कुणी बाई हाताला पट्टी बांधून आली आणि ‘पायरीवरून पडले’ म्हणाली, की अनसूबाई चक्कीच्या आवाजावर आवाज काढून विचारायच्या, “कितव्या?”

माणूस गांगरायचं. पडणारा माणूस पायऱ्या मोजत पडतो का कधी? पण बाईंना आकडा हवाच असायचा. आकडा मिळाला की पुढचा प्रश्न, “वर जाताना का खाली येताना?” मग, “पायात काय व्हतं?” एकदा माझंच बोट दुकानाच्या शटरमध्ये सापडलं. पीठ आणायला गेलो, तर बाई पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवया वर करून माझ्या पट्टीकडे बघताहेत. म्हणाल्या, “डावं बोट कसं काय सापडलं शेट? शटर तर तुमी उजव्या हातानं ओढता.” अहो, क्षणभर मलाच वाटलं, खरंच की, कसं सापडलं? घरी येऊन मी हे कांताला, म्हणजे माझ्या बायकोला, हसत हसत सांगितलं. ती हसली नाही. ही गोष्ट मला तेव्हाच खटकायला हवी होती.

माझं कापडाचं दुकान गिरणीला भिंतीला भिंत लागून. आजोबा मारवाडातून पाठीवर गाठोडं घेऊन आले, वडलांनी गादी घातली आणि मी तिच्यावर बसून म्हातारा झालो. भांडतोसुद्धा आम्ही आता मराठीतच. अनसूबाई तळेघरकडच्या. लग्न होऊन इकडे आल्या, नवरा लवकर गेला, आणि गिरणी त्यांनी एकटीनं चालवली ती अशी, की बापई माणसं दळण ठेवताना ओळीत उभी राहायची. उंच, काटक, पदर कमरेला खोचलेला, डोक्याला रुमाल, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. त्या दोऱ्यावरसुद्धा त्यांचा विश्वास नव्हता, बोलता बोलता ओढून बघायच्या.

विश्वास मुळात कशावरच नव्हता. मी एकदा त्यांना साडी दाखवली, म्हटलं, रंग पक्का आहे. बाईंनी पदराचा एक दोरा उपटला, थुंकी लावली आणि माझ्या पांढऱ्या लेंग्यावर घासला. निळी रेघ उठली ती अजून आहे. चौकात कुणीतरी डोळ्यांचं फुकट शिबिर भरवलं होतं, तिथल्या डॉक्टरला त्यांनी विचारलं, “तुमच्या सवताच्या डोळ्यावरचा चष्मा कुणी दिला? ईकत घेतला ना? मग आमालाच फुकट का?” पेढे वाटणाऱ्यालाही त्या आधी कारण विचारायच्या आणि कारण पटलं तरच पेढा घ्यायच्या.

पण खरं सांगू का, त्यांच्याहून मोठा संशयखोर मी होतो. आणि माझा संशय खुद्द अनसूबाईंवर होता.

शेजारी गिरणी असली की कान शिकतात. गहू पडला की चक्की एका सुरात घुमते, बाजरीला खरखर जास्त, नाचणीला आवाज बारीक. आणि चक्कीत काहीच नसलं की दगडावर दगड घासून असा आवाज येतो की दाढेतून कळ जावी. कुठला शहाणा गिरणीवाला चक्की रिकामी फिरवेल? दगड झिजतो, टाकी लावून त्याला पुन्हा खाचा पाडायला माणूस बोलवावा लागतो. आणि या बाई तर सांडलेलं चिमूटभर पीठ कुंच्यानं गोळा करणाऱ्या! तरी आठवड्यातून दोन-तीनदा, भर दुपारी तीनच्या सुमारास, शटर अर्धं खाली ओढून चक्की रिकामी फिरायची. अर्धा-अर्धा तास! माझी दुपारची डुलकी गेली ती गेलीच.

मी तर्क लढवले. कुणी म्हणालं, आत भिशी चालते. कुणी म्हणालं, अंगारे-धुपारे. चौकातल्या एकानं माझ्या कानाशी लागून सांगितलं, “शेठ, ती बाई घरं फोडती. सुनांना फूस लावती.” हे मला एकदम पटलं. वाईट गोष्ट आपल्याला किती पटकन पटते!

मग मी पाळत ठेवायला लागलो. काय करणार, दुपारी गिऱ्हाईक नसतं. पंधरा दिवसांत मी एक गोष्ट पकडली. ओळीत ठेवलेल्या दळणाच्या डब्यांपैकी एखाद्यावर झाकण उलटं ठेवलेलं असायचं. तो डबा अनसूबाई ओळीत पहिला असला तरी शेवटी घ्यायच्या. त्या डब्याची बाई मग तीन वाजता परत यायची, शटरखालून वाकून आत जायची, आणि चक्की रिकामी फिरायला लागायची.

दुसरं कोडं माझ्या घरातलंच. आम्ही माणसं दोन. मला साखरेचा आजार, रात्री मी पोळी खात नाही. तरी कांता दर तिसऱ्या दिवशी दहा किलोचा डबा घेऊन गिरणीत.

“एवढं पीठ जातं कुठं?” मी विचारलं.

“उंदीर.”

“किती उंदीर?”

“मोजले नाहीत,” कांता म्हणाली आणि आत गेली.

आता सारिकाचं सांगतो, कारण त्याशिवाय अनसूबाई कळायच्या नाहीत, आणि मीही कळायचा नाही. मी लग्नं जमवायचो. हौस म्हणून, अगदीच खरं सांगायचं तर थोडा धंदाही होता त्यात. आमच्याकडं लग्न ठरलं की दोन्हीकडची मंडळी कपड्यांचा बस्ता बांधायला एकाच दुकानात येतात. कुणाची पोरगी लग्नाची, कुणाचा पोरगा बागाईतदार, सगळं गादीवर बसल्या बसल्या कळतं. घोडेगावच्या अलीकडचे बबनराव माझं जुनं गिऱ्हाईक. त्यांच्या सारिकासाठी येडगावचं स्थळ मीच आणलं. धरणाकाठचं रान, बारमाही पाणी, ऊस, एकुलता एक मुलगा. घर बघायला मी स्वतः गेलो होतो. विहीर बघितली, गोठा बघितला, ओट्यावर बसून चहा घेतला. बस्ता अर्थातच माझ्याकडं झाला.

लग्नाला दीड वर्ष झालं आणि एक दिवस बबनराव सारिकाला घेऊन दुकानात आले. तिचा हात गळ्यात बांधलेला. पोरगी परत जायला नाही म्हणत होती. बबनराव म्हणाले, “शेठ, सोयरीक तुमी जमवली, आता तुमीच मिटवा. आमच्यात नांदायला गेलेली पोर माघारी येत न्हाई.”

मध्यस्थाचं कामच ते. मी येडगावला फोन लावला. जावई आणि त्याची आई, पारूबाई, तासाभरात गाडीतून आले. मी चहा मागवला. जावई दिसायला इतका नरम, की माझ्या पाया पडला. बोलणी सुरू होतात न होतात, तोच दारात अनसूबाई.

“अस्तर बघायचंय,” म्हणाल्या. बघत मात्र होत्या सारिकाकडं. “काय झालं गं हाताला?”

सारिकानं नवऱ्याकडं बघितलं. “पायरीवरून पडले.”

“कितव्या?”

“तिसऱ्या.”

अनसूबाईंनी नजर तिच्यावरून काढली आणि माझ्यावर रोखली. “शेट, तुमी घर बघून आलता ना? ओट्याला पायऱ्या किती हायेत?”

दोन. मला पक्कं ठाऊक होतं. जावई माझ्याकडं बघत होता, पारूबाई बांगडी फिरवत होत्या, बबनराव खाली फरशीकडं. आता एवढ्या मंडळींत, चहाचे कप हातात असताना, मी काय बोलायचं होतं?

“असतील तीन-चार,” मी म्हणालो. “मोजत कोण बसतंय!” आणि हसलो. जावई हसला. बबनरावही हसले.

अनसूबाईंनी अस्तर घेतलं नाही. गेल्या.

पुढचं सगळं मी रीतसर पार पाडलं. पोरीनं थोडं सोसावं, पोरानं थोडं आवरावं, भांड्याला भांडं लागतंच, असं नेहमीचं भाषण केलं. माझ्याकडून एक मोरपंखी साडी दिली. कांताला बोलावून खण-नारळानं ओटी भरवली. कांतानं ओटी भरली. सारिका गाडीत बसली. त्यानंतर दोन दिवस कांता माझ्याशी बोलली नाही. तिला पित्त झालं असेल असं मी समजलो. अकलेचा कांदा!

दोन-अडीच महिने गेले. श्रावण तोंडावर आलेला. मी सहज गिरणीत डोकावलो तर डब्यांच्या ओळीत एक पितळी कडीचा डबा, कांताच्या माहेरचा. आणि त्यावर झाकण उलटं.

तीन वाजेपर्यंत मी गादीवर बसून स्वतःची उलटतपासणी केली. बायकोवर हात? कधीच नाही. आवाज? तो चढतो. ताट एकदा सरकवलं होतं, जरा जोरात, बरणी फुटली होती. त्याला वीस वर्षं झाली. पण झाली म्हणून काय झालं? तीन वाजले, शटर खाली आलं, चक्की रिकामी कोकलायला लागली, आणि मी या वयात वाकून शटरखालून आत शिरलो.

आत कांता पोत्यावर बसून बोलत होती. आवाज चक्कीच्या गोंगाटात बुडत होता, आणि अनसूबाई तिच्या ओठांकडे बघत माना डोलवत होत्या. आयुष्य त्या आवाजात गेलेलं, ओठ वाचायला त्या आपोआप शिकल्या होत्या. रिकाम्या चक्कीचं कोडं मला तिथं उभ्या उभ्या सुटलं. घरात भिंतींना कान, दारात सासू, रस्त्यावर गाव. गिरणीत मात्र बाई वाट्टेल ते बोलू शकत होती, रडू शकत होती, आणि ते बाहेर उभ्या माणसाला कळत नव्हतं. भिंतीपलीकडं बसलेल्या मला कळलं नव्हतं.

अनसूबाईंनी चक्की बंद केली.

“माझ्याबद्दल कसली तक्रार आहे?” मी कांताला विचारलं.

“खोटं बोललात,” कांता म्हणाली. “येडगावचं घर बघून आलात तेव्हा तुम्हीच मला सांगितलं होतं. ‘ओट्याला दोनच पायऱ्या आहेत, म्हाताऱ्या माणसांना बरं.’ आठवतंय?”

“आठवतंय,” मी म्हणालो.

“त्या पोरीला मी माझ्या हातानं ओटी भरून पाठवली,” ती म्हणाली आणि रडायला लागली. लग्नाच्या इतक्या वर्षांत मी तिला अशी रडताना पाहिली नव्हती.

मग एकेक कळत गेलं. गिरणीवर एक माळा होता. निघून आलेली बाई तिथं दोन दिवस, चार दिवस राहायची, आणि आमच्या घरचं पीठ तिथं जायचं. अनसूबाई कुणालाही ‘नवरा सोड’ म्हणत नव्हत्या. “आपुन फकस्त दार दाखवायचं. जायाचं का न्हाई ते तिचं ती ठरवल.” सरकारी दवाखान्यातून जखमांचा कागद करून घ्यायचा, मग पोलिसात, मग संरक्षण अधिकाऱ्याकडं, हा क्रम त्यांना तोंडपाठ होता. ‘आधी कागद, मग रडणं’ म्हणायच्या. रडून झाल्यावर घरचे येतात, समजूत काढतात आणि कागद राहून जातो, असा त्यांचा अनुभव होता.

सारिकाचा फोन काढून घेतला होता. ती बाजारात दिसत नव्हती. तिकडची आशाताई, म्हणजे गावातली आरोग्यसेविका, अनसूबाईंच्या ओळखीची. ती दोनदा दारात जाऊन आली, दोन्ही वेळा पारूबाईंनी सांगितलं, झोपलीय. बबनराव म्हणत होते, बघू दिवाळीला.

“पोलीस?” मी विचारलं.

“ते बी सांगून ठेवलंय. पण पोलिसाम्होरं नवरा शेजारी हुबा असला, का पोरगी काय सांगणार?” अनसूबाई म्हणाल्या. “पायरी. तिला आधी त्या घराच्या भायेर काढाया पायजे. मुराळी पायजे.”

नागपंचमीला माहेरचा माणूस लेकीला न्यायला येतो, तो मुराळी. त्याला दारातून रिकामं परत लावत नाहीत. लावलं तर आळी थुंकते. अनसूबाईंनी ही रीतच कामाला लावली होती. ज्या पोरीचा भाऊ येत नाही तिच्यासाठी त्या मुराळी उभा करायच्या, मावसभाऊ, चुलता, मानलेला मामा, जो मिळेल तो. अशा चार-पाच जणी त्यांनी आणल्या होत्या, सगळ्यांच्या देखत, हळदी-कुंकू लावून.

“तुमी जायाचं,” त्या मला म्हणाल्या. “मध्यस्थाला न्हाई म्हणाया त्यांना जड जाईल.”

“मला नाही जमायचं, अनसूबाई. माझ्यावर तुमचा तरी विश्वास आहे का?”

“न्हाई,” त्या म्हणाल्या. “म्हणून तर मी बी येणार संगं.”

मग बराच वेळ त्या कुंच्यानं पीठ गोळा करत राहिल्या. आणि खाली बघूनच बोलल्या, “माजी धाकटी बहीण व्हती. तळेघरच्या वरल्या अंगाला दिलेली. एकदा आली, तोंड सुजलेलं. मला म्हणली, पायरीवरून पडले. मी म्हणलं, जपून चालावं गं बाई. सवता तिला परत पोचवाया निघाले, पार निम्म्या वाटंपत्तूर गेले. आखाडात सांगावा आला, न्यायला या. बाप म्हणला, आवणी चाललीया, भात लावून झालं का जाऊ. लावणी उरकायच्या आत ती गेली. सावडायला गेले तवा त्यांचं घर म्यां पयल्यांदा बघितलं. जमिनीसपाट घर शेट. पायरीच नव्हती त्याला.”

कांतानं माझ्याकडं बघितलं. मी ‘जातो’ म्हणालो.

भाड्याची जीप केली. वाटेत अनसूबाई सूचना देत होत्या. “घरात शिरू नका. च्या आत घ्या म्हणतील, घेऊ नका. ओट्यावर बसा, आळीला दिसलं पायजे. पेढे मोठ्यानं वाटा. पोरीला सगळ्यांम्होरं इचारा, येतीस का म्हणून. ती न्हाई म्हणली तर माघारी फिरायचं, जबरदस्ती न्हाई.” धरणाच्या अलीकडच्या वळणावर देवळाशी त्या जीप थांबवून उतरल्या. “मला वळखतील तिथं,” म्हणाल्या. मी एकटाच पुढं गेलो. डोक्याला फेटा बांधला होता. आमच्या घरात मुराळी म्हणून गेलेला मी पहिलाच.

“राम राम!” मी आळीच्या तोंडापासूनच ओरडायला सुरुवात केली. “सारिकाला न्यायला आलोय! पंचमीला! पेढे घ्या!” समोरची एक म्हातारी शेंगा निवडत बसली होती, तिला पेढा दिला. बायका दारात आल्या. मी ओट्याच्या वरच्या पायरीवर फतकल मारून बसलो. बसताना मोजल्या. दोन.

पारूबाई बाहेर आल्या. “आत या की शेठ.”

“इथंच बरं. वारं लागतंय.”

“पंचमीला अजून आठ दिस हायेत.”

“लेकीची आठवण काय पंचांग बघून येते का, विहीणबाई?” मी म्हणालो. दुकानदार माणूस, गिऱ्हाईक तोडायचं नसतं हे रक्तातच.

जावई आला. आता नरमाई कुठंच नव्हती. “मामांना फोन लावतो,” म्हणाला. बबनराव आयत्या वेळी कच खातील हा संशय अनसूबाईंना होताच. म्हणून सकाळच्या एसटीनं कांता घोडेगावकडं गेली होती आणि सारिकाच्या आईशेजारी, बबनरावांचा फोन मांडीवर घेऊन बसली होती. जावयानं मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असा फोन लावला. पलीकडून सारिकाची आई बोलली. कधी चार माणसांत तोंड न उघडणारी बाई, पण बोलली, “व्हय. आमीच धाडलंय त्यांस्नी. माज्या लेकीला हळद-कुकू लावून पाटवा.”

आळीत आता दहा-बारा बायका जमल्या होत्या. पारूबाई आत गेल्या आणि बऱ्याच वेळानं सारिकाला घेऊन आल्या. भिंतीला धरून चालत होती. मी दिलेली मोरपंखी साडी अंगावर, मुद्दाम नेसवलेली. ओठ फाटलेला. डाव्या डोळ्याखाली काळंनिळं.

“तब्येत बरी न्हाई तिची,” पारूबाई म्हणाल्या. “धांदरट हाये. पायरीवरून पडली.”

मला खरंच ठरवायला वेळ मिळाला नाही. तोंडातून निघून गेलं.

“कितव्या?”

मी पायरीवरून उठून बाजूला झालो, म्हणजे दोन्ही पायऱ्या सगळ्यांना दिसाव्यात. समोरची म्हातारी शेंगांचं सूप खाली ठेवून म्हणाली, “दोनच तर हायेत गं पारू.”

“सारिका,” मी म्हणालो, “येतीस का?”

ती माझ्याकडं बघत राहिली. माझ्यावर विश्वास ठेवायला तिच्याकडं एकही कारण नव्हतं, उलट मला ओळखत होती ती. जावई पुढं सरकला. म्हातारी उठून मध्ये आली, कमरेत वाकलेली, “मुराळ्याला रिकामं लावतो व्हय रं? जाऊ दे तिला.” मग सारिका भिंत सोडून पुढं झाली आणि दोन पायऱ्या उतरली. जीप देवळाशी थांबली, अनसूबाई चढल्या आणि तिच्या शेजारी बसल्या. काही विचारलं नाही. जीप घोडेगावला गेली नाही, सरळ सरकारी दवाखान्यात गेली. आधी कागद.

पुढचं सरळ झालं असं नाही. खटला चालू आहे, तारखा पडतात. बबनराव माळ्यावर येऊन रडले, तर अनसूबाईंनी त्यांना विचारलं, “कुणासाटी रडताय? तिच्यासाटी का गावासाटी?” त्यानंतरही ते येत राहिले. सारिका चक्की चालवायला शिकली. मी लग्नं जमवणं सोडलं नाही, फक्त आता घर बघायला गेलो की पायऱ्या मोजतो आणि आकडा वहीत लिहीत नाही, कांताला सांगून ठेवतो. माझी दुपारची डुलकी अजून बुडते. चक्की रिकामी कोकलायला लागली की मी दुकानाबाहेर स्टूल टाकून बसतो, आणि कुणी शटरकडं वळलं की त्याला नवीन साड्या दाखवतो.

गेल्या वर्षी एका सकाळी सारिका धावत आली. अनसूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं होतं. सरकारी दवाखान्यात गेलो. वरच्या मजल्यावर बायकांचा वॉर्ड. पाय वजनाला बांधलेला, केस पहिल्यांदाच पिठाशिवाय पाहिले. त्यातही पांढरेच निघाले.

“काय झालं?” मी विचारलं.

त्या माझ्याकडं पाहून जरा वरमल्या. “पायरीवरून पडले.”

“कितव्या?”

“सातव्या,” त्या म्हणाल्या. “खरंच पडले हो. माळ्याच्या जिन्यावरून. हसता काय?”

दुसऱ्या दिवशी भेटीच्या वेळेला गेलो तर पहिला प्रश्न, “मोजल्या का?”

“मोजल्या. अकरा आहेत. सातवीची फळी निघालीय.”

“आता शिकलात,” त्या म्हणाल्या. माझ्याबद्दल त्यांच्या तोंडून निघालेली तेवढी एकच चांगली गोष्ट.

पण त्यांचं लक्ष माझ्याकडं नव्हतंच. शेजारच्या खाटेवर एक वीस-बावीस वर्षांची पोरगी होती, मनगटाला प्लास्टर, तोंड भिंतीकडं. जवळ सासू बसलेली, जागची हलत नव्हती. अनसूबाई माझ्याशी बोलत होत्या, डोळे मात्र त्या मनगटावर. थोड्या वेळानं सासू थर्मास घेऊन चहा आणायला खाली गेली. मीही उठलो.

दारातून वळून पाहिलं. अनसूबाई बांधलेल्या पायानिशी जेवढं वळता येईल तेवढं त्या खाटेकडं वळल्या होत्या. पोरीनं तोंड भिंतीकडून इकडं केलं होतं. ऐकू काही येत नव्हतं, पण अनसूबाईंचे ओठ मला वाचता आले. ‘कितव्या?’ एवढंच होतं. त्यानंतर तीन आठवड्यांनी त्या गेल्या. मधल्या काळात मीच साखर वाढून अंथरुणाला खिळलो होतो, त्यामुळं मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तेवढंच.

त्या दिवशी दारातून निघून मी जिना उतरायला लागलो. निम्म्यावर पोचलो तर सासू थर्मास घेऊन वर येत होती, घाईघाईनं.

मी जिन्याच्या मधोमध उभा राहिलो, हात जोडले आणि म्हणालो, “पावणं कुठलं म्हणायचं? साडी फार सुरेख आहे हो तुमची. कुठून घेतली?”

अर्धा तास मी त्या बाईला वर जाऊ दिलं नाही.